जुन्या डिझेल गाडीच्या मीटरमध्ये कूलंटचे तापमान, टर्बोचा दाब आणि ऑइल प्रेशर दाखवता येईल का?

कुंभार्लीकर

नमस्कार. माझ्याकडे २०११ सालची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल इंजिनाची हॅचबॅक आहे. एम.एच. ०८ पासिंग, १,६८,००० किलोमीटर झालेली आणि अजूनही विकावीशी न वाटणारी. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की चर्चा मूळ प्रश्न सोडून कंपनीच्या गुणदोषांकडे घसरते, असा माझा अनुभव आहे. या गाडीच्या मीटरमध्ये तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असेपर्यंत निळा दिवा आणि फार तापले की लाल दिवा, एवढीच सोय आहे. हे दोन्ही दिवे बंद असताना आत काय चालले आहे, हे चालकाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

मी दर शनिवारी चिपळूणहून कऱ्हाडला जातो. गेल्या मे महिन्यात कुंभार्ली घाट चढताना रेडिएटरच्या वरच्या होजची क्लिप निसटली आणि कूलंट वाहून गेले. बॉनेटच्या कडेने वाफ दिसली म्हणून मी गाडी बाजूला घेतली, आणि लाल दिवा त्यानंतर लागला. परिणामी हेड उतरवून फेसिंग करावे लागले, नवीन गॅस्केट घालावे लागले आणि गाडी बारा दिवस गॅरेजमध्ये राहिली.

मीटरमध्ये ओडोमीटर आणि घड्याळ दाखवणारा नारिंगी रंगाचा छोटा डिस्प्ले आहे. त्याच डिस्प्लेवर कूलंटचे तापमान, टर्बोचा दाब, बॅटरीचे व्होल्टेज आणि जमल्यास ऑइल प्रेशर दाखवता येईल का? मला सोल्डरिंग येते आणि अर्डुइनोवर पाण्याच्या टाकीचा लेव्हल इंडिकेटर मी स्वतः केलेला आहे. बाजारातून निळ्या रंगाचा स्वस्त ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून माहिती फोनवर दाखवणारा) आणला, परंतु तो कधी जोडला जातो आणि कधी जोडला जात नाही. आमच्याकडच्या एका वायरमनचे म्हणणे असे की, इतका खटाटोप न करता तापमानाच्या मूळ सेन्सरच्या तारेला टॅप मारून तिथून गेज जोडावा. हे योग्य आहे का?

मिलीव्होल्ट

नारिंगी डिस्प्लेचा विचार सोडून द्यावा, असे सुरुवातीलाच सांगतो. तो ठिपक्यांचा पडदा नसून ठरावीक खंडांची एलसीडी आहे. ओडोमीटरचे आकडे, 'ट्रिप ए', इंधनाच्या कांड्या असे जे आकार काचेवर छापलेले असतात, तेवढेच चालू किंवा बंद करता येतात. शिवाय त्या काचेचा ताबा मीटरमधल्या मायक्रोकंट्रोलरकडे असतो आणि ओडोमीटरची नोंदही मीटरमध्येच जपलेली असते. जुनी गाडी विकताना मीटर खोलल्याच्या खुणा दिसल्या, तर तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी घेणाऱ्याला किलोमीटर मागे फिरवल्याचाच संशय येणार. मीटरला हात न लावता शेजारी वेगळा छोटा डिस्प्ले बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आता माहिती कुठून घ्यायची ते पाहू. तुम्हाला हव्या असलेल्या चारपैकी तीन गोष्टी इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, बहुधा आधीच ठाऊक आहेत. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून ईसीयूला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो. कूलंटच्या तापमानासाठी प्रश्न आहे '०१ ०५', म्हणजे चालू माहितीतली पाचव्या क्रमांकाची नोंद. उत्तर समजा '४१ ०५ ८४' असे आले, तर शेवटचा ८४ हा आकडा सोळाच्या पायाचा आहे. आपल्या पद्धतीने तो १३२ होतो आणि त्यातून ४० वजा केले की ९२ अंश सेल्सिअस मिळतात. चाळीस वजा करण्याचे कारण असे की एका बाइटमध्ये उणे आकडे बसत नाहीत, म्हणून मोजपट्टीची सुरुवातच उणे ४० पासून केलेली आहे.

टर्बोसाठी इनटेक मॅनिफोल्डच्या दाबाची नोंद घ्यावी लागते. तिथे एक गफलत हमखास होते, कारण ईसीयू निरपेक्ष दाब सांगतो आणि आपल्याला हवा असतो तो वातावरणापेक्षा जास्तीचा दाब. चावी चालू आणि इंजिन बंद असताना चिपळूणला हा आकडा १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल आणि कोयनानगरला सुमारे ९३. कायमचे १०० वजा करत राहिलात तर घाट चढल्यावर टर्बो खरोखर देतो आहे त्यापेक्षा कमी दाब देतो आहे, असे वाटू लागेल. त्यामुळे प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्यापूर्वीचे रीडिंग साठवून तेच वजा करावे, आणि घाटमाथ्यावर चहाला थांबलात की ते पुन्हा घ्यावे. व्होल्टेजची नोंद या वयाच्या गाडीत मिळेलच असे नाही, पण त्याने काही अडत नाही. अडॅप्टर ते सोळाव्या पिनेवर स्वतः मोजू शकतो.

तुमची गाडी ईसीयूकडून नेमके काय काय देते, हे '०१ ००' या प्रश्नाने कळते. उत्तरादाखल चार बाइट, म्हणजे ३२ बिट येतात. जो बिट एक असेल ती नोंद उपलब्ध. हे तपासल्याशिवाय कोणतेही सामान विकत घेऊ नये. ओबीडीची अट घालणारे भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे मानक २०१० च्या एप्रिलपासून फक्त १३ शहरांत लागू झाले आणि देशभर पोहोचायला २०१७ उजाडले. त्यामुळे २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पासिंग झालेल्या गाडीत सॉकेट आहे म्हणून सगळ्या नोंदी असतीलच, असे गृहीत धरता येत नाही.

अडॅप्टरसोबत फोनवर वापरता त्या अॅपमध्ये प्रोटोकॉल (ईसीयूशी बोलण्याची पद्धत) कोणता दिसतो ते कळवावे. 'आयएसओ १४२३०' दिसत असेल तर तुमच्याकडे सातव्या पिनेवरची के-लाइन, म्हणजे एकाच तारेवरून बोलण्याची जुनी सोय, आहे आणि ती संथ असते. ईसीयूचे उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याआधी किमान ५५ मिलिसेकंद थांबावे लागते, त्यामुळे सगळा हिशेब धरून सेकंदाला पाच-सहा रीडिंग मिळतात. तापमान दोन सेकंदांतून एकदा विचारले तरी पुरते. उरलेला वेळ टर्बोच्या दाबाला द्यावा. मात्र पाच सेकंद काहीच विचारले नाही, तर ईसीयू संवाद संपवतो आणि पुन्हा सुरुवातीपासून हाक मारावी लागते.

अडॅप्टरबद्दल एक गोष्ट. मूळ ईएलएम ३२७ ही चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची होती आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. तिने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तुमचा निळा अडॅप्टर स्वतःची आवृत्ती १.५ सांगत असेल तर तो नक्कल आहे, हे उघड आहे. सगळ्या नकला वाईट नसतात, पण काहींना के-लाइनवर धड बोलता येत नाही.

गॅरेजवाली

वायरमनचा सल्ला अजिबात ऐकू नका. आमच्याकडे तसा टॅप मारलेली एक गाडी आली होती. तक्रार अशी की गरम इंजिनालाही ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तापणाऱ्या प्लगचा) दिवा लागतो आणि रेडिएटरचा फॅन फार उशिरा फिरतो. मूळ सेन्सर हा तापले की रोध कमी होणारा थर्मिस्टर असतो आणि त्याच्या तारेवर किती व्होल्ट आहेत यावरून ईसीयू तापमान ओळखतो. बाहेरच्या गेजमधून त्याच तारेत वेगळा प्रवाह शिरला, व्होल्टेज वर गेले आणि ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटू लागले. म्हणजे इंजिन तापू नये म्हणून बसवलेल्या गेजनेच फॅन अडवून धरला होता. गेज काढला आणि तार नीट जोडून दिली, एवढ्यावर गाडी बरी झाली.

मला मात्र तुमच्या मूळ हकिकतीतली एक ओळ जास्त महत्त्वाची वाटते: वाफ आधी दिसली आणि लाल दिवा नंतर लागला. दिवा खराब होता असे समजू नका. कूलंटचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. होज निसटून कूलंट निघून गेले की सेन्सरचे टोक हवेत किंवा वाफेत राहते, आणि हवा त्याला द्रवासारखी उष्णता पोहोचवत नाही. हेडचे धातू भाजत असताना सेन्सर ८५-९० वर रेंगाळू शकतो, प्रसंगी खालीही उतरतो. त्या दिवशी तुमच्यासमोर ओबीडीवरचा सुंदर डिजिटल आकडा असता, तरी त्याने तुम्हाला वेळेत सावध केले असते याची खात्री मी देणार नाही. फॅन बंद पडणे, रेडिएटर चोंदणे, थर्मोस्टॅट अडकणे अशा बिघाडांत तो आकडा उत्तम काम करतो, कारण तिथे कूलंट जागेवर असते. कूलंटच गेले तर तो तुम्हाला गाफील ठेवू शकतो.

म्हणून माझ्या मते तुमच्या यादीत टर्बोच्या दाबाआधी दोन गोष्टी यायला हव्यात. पहिली, कूलंटच्या बाटलीची पातळी. प्लास्टिकच्या बाहेरून चिकटवायचे कॅपॅसिटिव्ह लेव्हल सेन्सर मिळतात. बाटलीला भोक पाडावे लागत नाही. तो 'किमान'च्या रेघेच्या किंचित खाली लावावा आणि घाटाच्या वळणांवर कूलंट हिंदकळते म्हणून सलग दहा सेकंद पातळी कमी दिसली तरच बझर वाजेल असे करावे. दुसरी, हेडच्या धातूचे तापमान. रिंग टर्मिनलमध्ये बसवलेला थर्मिस्टर मिळतो, तो हेडवरच्या एखाद्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली घट्ट बसतो. कृपा करून हेडच्या मुख्य बोल्टांना हात लावू नका, त्यांचा टॉर्क ठरलेला असतो. हा सेन्सर धातू मोजतो, त्यामुळे कूलंट असो वा नसो, तो बोलतो. त्याचा आकडा कूलंटच्या आकड्याशी जुळणार नाही आणि जुळण्याची गरजही नाही. दोघांमधला नेहमीचा फरक एकदा कळला की तो फरक वाढणे हीच सूचना.

ऑइल प्रेशर ईसीयूकडून मिळणार नाही. अशा गाड्यांत बहुतेक वेळा ऑइलचा फक्त स्विच असतो आणि दाब अगदीच घसरल्यावर तो लाल दिवा लावतो. मधला आकडा कोणालाच ठाऊक नसतो. गेज हवा असेल तर स्विचच्या जागी टी-जोड लावून वेगळा सेंडर (गेजला दाब कळवणारा सेन्सर) बसवावा लागतो. इथे एक धोका आहे. पितळी टी-जोडावर जड सेंडर थेट लटकवला तर डिझेलच्या थरथरीने तो मानेतून तुटतो आणि मग इंजिनातले ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येते. सेंडर बॉडीवर पक्का करून तिथपर्यंत जाळीदार लवचीक होज न्यावी. एकाच तारेचा सेंडर असेल तर त्याला अर्थिंगची वेगळी तार द्यावी लागेल, कारण होजमधून अर्थ मिळत नाही. हे सगळे करायची तयारी नसेल तर ऑइल प्रेशर सोडून द्या. गेजसाठी ऑइल गळण्याची एक नवी जागा तयार करण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक पाहिलेली बरी.

आणि चिपळूण म्हटल्यावर एक विचारायलाच हवे. २०२१ च्या पुरात गाडी सापडली होती का?

कुंभार्लीकर

दोघांचेही मनापासून आभार. होय ताई, जुलै २०२१ मध्ये गाडी अंगणातच होती आणि सीट बुडाल्या होत्या. नंतर वायरिंग आणि आतले सगळे काम करून घेतले, पण ओबीडीच्या सॉकेटकडे कोणाचेच लक्ष गेले नसावे. तुमचा प्रश्न वाचून काल टॉर्च लावून पाहिले, तर चौथ्या आणि सातव्या पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर होता. काँटॅक्ट क्लीनर आणि जुना टूथब्रश वापरून तो साफ केला आणि त्यानंतर तोच निळा अडॅप्टर दहापैकी दहा वेळा जोडला गेला. प्रोटोकॉल 'आयएसओ १४२३०' असाच दिसतो. तापमान आणि मॅनिफोल्डचा दाब मिळतो, व्होल्टेजची नोंद मात्र नाही.

धातूच्या सेन्सरचा मुद्दा पटला. सेन्सर स्वतःच फसू शकतो, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. आता डिस्प्ले कोणता घ्यावा आणि तो कुठे बसवावा? फोन लावून ठेवायची माझी इच्छा नाही, कारण गाडी आमच्या घरात तिघे चालवतात.

सोल्डरची वाफ

मी अशाच जुन्या गाडीत हे काम दोनदा केले आहे. पहिल्यांदा चुकीचे आणि दुसऱ्यांदा बरे. म्हणून सांगण्यासारखे बरेच आहे.

पहिल्या खेपेला मी एका डिस्प्लेवर सहा आकडे कोंबले होते. घरात टेबलावर ते फार देखणे दिसायचे. रस्त्यावर मात्र त्यातला एकही आकडा एका नजरेत वाचता येत नसे, आणि घाटात दोन सेकंद खाली पाहणे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आता माझ्या पडद्यावर एकच मोठा आकडा असतो, कूलंटचे तापमान. बटण दाबले तर टर्बो, पुन्हा दाबले तर व्होल्टेज. मर्यादा ओलांडली की बझर वाजतो आणि ज्याची मर्यादा ओलांडली तोच आकडा आपोआप पुढे येतो. खरे काम बझर करतो, हे कबूल करायला मला वर्ष लागले.

पडदा १.३ इंची ओएलईडी घ्यावा. डॅशबोर्डच्या माथ्यावर ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात लावलेल्या गाडीत ती जागा एवढी तापते की पडदा फार काळ टिकत नाही, आणि दिवसा काचेच्या उजेडात तो दिसतही नाही. स्टिअरिंगच्या बाजूला रिकाम्या स्विचची झाकणे असतात, त्यांतले एक काढून तिथे पडदा बसवला तर मूळ डॅशबोर्ड कापावा लागत नाही. एअरबॅगच्या झाकणावर काही चिकटवू नये आणि तिच्या वाटेतून तारा नेऊ नयेत. पार्किंग लाइटच्या तारेवरून रात्र झाल्याचे ओळखून उजेड कमी करण्याची सोय ठेवावी, अन्यथा रात्री तो आकडा डोळ्यांत घुसतो.

मेंदू म्हणून ईएसपी ३२ किंवा अर्डुइनो नॅनो यांपैकी कोणताही छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड चालेल. के-लाइन बारा व्होल्टवर चालते, त्यामुळे ती मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला थेट जोडू नये. मध्ये एल ९६३७ सारखी के-लाइनसाठीच केलेली चिप घालावी. तुमचा निळा अडॅप्टर आता चालतो आहे, तर ईएसपी ३२ ला ब्लूटूथने त्याच्याशी बोलायला लावणेही शक्य आहे आणि त्यात सोल्डरिंग कमी आहे. पण मूळ ईएसपी ३२ घ्यावा, कारण एस ३ आणि सी ३ या नव्या प्रकारांत जुने क्लासिक ब्लूटूथ नाही आणि असे बहुतेक स्वस्त अडॅप्टर तेच वापरतात. मी हे विकत घेतल्यावर शिकलो.

वीजपुरवठ्यात काटकसर करू नये. सोळाव्या पिनेला बॅटरी कायम जोडलेली असते, चावी काढली तरी. अडॅप्टर साधारण ४५ मिलिअँपिअर घेतो असे धरले तर दिवसाला १ अँपिअर-तासापेक्षा थोडे जास्त जाते आणि दोन आठवडे गाडी उभी राहिली तर १५ अँपिअर-तास संपतात. जुन्या बॅटरीला तेवढ्यावर डिझेल इंजिन फिरवणे जड जाते. चावीसोबत चालू होणाऱ्या फ्यूजवरून फ्यूज-टॅपने १ अँपिअरची वेगळी लाइन घ्यावी, तिच्यावर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके शोषणारा) आणि ४० व्होल्टपर्यंत सहन करणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारा) लावावा. 'बारा व्होल्ट' हे गाडीच्या वायरिंगचे सभ्य नाव आहे. प्रत्यक्षात तिथे त्याहून बरेच मोठे झटके येतात. माझा पहिला नॅनो साध्या ७८०५ रेग्युलेटरवर होता आणि तो तिसऱ्या आठवड्यात गेला.

मर्यादा किती ठेवायची, याचे उत्तर इंटरनेटवर शोधू नका. आधी तीन-चार आठवडे तुमच्याच घाटात, तुमच्याच गाडीचे आकडे लिहून काढा. बझर नंतर.

कुंभार्लीकर

तीन शनिवार झाले, म्हणून कूलंटच्या तापमानाच्या नोंदी देतो. शेजारी बसून मुलाने फोनवरून लिहून घेतलेल्या आहेत. पोफळीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ८९ ते ९१. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू असताना, माथ्याजवळ ९८; फॅन सुरू झाल्यावर ९४ पर्यंत उतरून पुन्हा वर. एसी बंद केल्यावर कमाल ९५. येताना उतारावर मात्र ८१ पर्यंत खाली आले. हे थर्मोस्टॅट बिघडल्याचे लक्षण आहे का?

गॅरेजवाली

नाही. उतारावर गिअरमध्ये असताना डिझेल जवळजवळ जळतच नाही, मग उष्णता येणार कुठून? सपाट रस्त्यावर ते पुन्हा ८९ वर येत असेल तर थर्मोस्टॅट ठीक आहे. सपाटीवरही ८० च्या वर चढेनासे झाले, तर तो उघडा अडकला असे समजा. तुमच्या नोंदींवरून १०३ ला पहिली सूचना आणि १०७ ला बझर ठेवायला हरकत नाही. बंद सिस्टिममध्ये दाबाखाली कूलंट १०७ ला उकळत नाही, त्यामुळे बझर वाजला तरी एसी बंद करून, हीटर पूर्ण चालू करून, सावकाश बाजूला थांबायला वेळ मिळतो. गरम असताना झाकण मात्र उघडू नका.

बाटलीच्या पातळीचा बझर आधी जोडा, डिस्प्ले नंतर झाला तरी चालेल.

कुंभार्लीकर

पातळीचा सेन्सर काल बसवला. बाटली पिवळी पडलेली असूनही तो बाहेरून नीट ओळखतो. पहिल्या फेरीत परशुराम घाटाच्या वळणांवर दोनदा उगाच वाजला, म्हणून दहा सेकंदांचे पंधरा केले. धातूचा सेन्सर हेडच्या मागच्या बाजूला, लिफ्टिंग हुकच्या बोल्टखाली बसतो आहे. तिथे चालेल ना?

गॅरेजवाली

चालेल, उत्तम जागा आहे. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, आणि तार एक्झॉस्टपासून वीतभर तरी लांबून न्या.